भयखेळाची पहिली मोहीम: पुस्तक छोटं ठेवा, डाइस विसरा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले तिघे मित्र कोकणात घडणारा एक हॉरर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ) इंग्रजीत लिहितायत. डोक्यात १२० पानांचं हार्डबाउंड पुस्तक आहे, तीसेक पानं लिहून झालीत. एकाचा मावसभाऊ लीड्सला मास्टर्स करतोय, त्याच्या नावावर किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर मोहीम काढायची आणि जमलेल्या पैशांतून उरलेलं पुस्तक पूर्ण करायचं, असा बेत. सोबत खास डाइस, कापडी नकाशा, टी-शर्ट. पैशांचं ध्येय किती ठेवावं आणि स्ट्रेच गोल (ध्येयापुढं रक्कम गेली की द्यायच्या जास्तीच्या गोष्टी) काय असावेत, असं त्यांनी विचारलंय.

मी इंग्लंडात राहून अशाच छोट्या पुस्तकांच्या मोहिमा चालवतो, स्वतःच्याही आणि इतरांच्याही, म्हणून जरा फोड करून सांगतो.

सरळ उत्तर: हा बेत आहे तसा करू नका. १२० पानांचं पुस्तक बाजूला ठेवा. त्यातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट उचला, ती ४० ते ४८ पानांत बसवा आणि मजकूर मोहिमेआधी पूर्ण करा. चार-पाच अनोळखी टोळक्यांना फुकट खेळायला द्या. त्यानंतर पैसे मागा. तीस पानं लिहून नव्वद पानांचं वचन देणारे पुष्कळ पाहिलेत. पैसे आल्यावर लिहिण्याचा वेग वाढत नाही. उलट रोज कुणीतरी ‘कुठवर आलं?’ विचारत असल्यामुळे तो कमीच होतो.

फुकट का द्यायचं, याला एक चांगलं उदाहरण आहे. मदरशिप हा अंतराळातल्या भयाचा गेम. अमेरिकेतल्या ट्यूस्डे नाइट गेम्स या छोट्या कंपनीचा, लेखक शॉन मकॉय. २०१८ मध्ये त्यांनी खेळाडूंसाठीची नियमपुस्तिका बाहेर काढली, आणि तिची पीडीएफ ‘द्यायचे तेवढे द्या’ या बोलीवर ठेवली. शून्य दिलं तरी चालत होतं. पुढची तीन वर्षं लोक ती खेळत राहिले, तिच्यासाठी स्वतःची साहसं लिहीत राहिले, कंपनीही छोटी छोटी पुस्तकं काढत राहिली. मग २०२१ च्या अखेरीस पहिल्या आवृत्तीच्या बॉक्सची मोहीम आली आणि चौदा लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय नशीब आहे! पण त्या महिनाभरात नवीन कुणाला पटवण्याचं काम फारसं उरलंच नव्हतं. तीन वर्षं खेळलेली माणसं रांगेत उभी होती. आणि हेही लक्षात घ्या, की एवढी तयारी असलेल्या माणसांचे बॉक्ससुद्धा घरोघरी पोचायला २०२४ उजाडलं.

तुमच्याकडे तीन वर्षं नसतील, सहा-आठ महिने तर आहेत. पंधरा-वीस पानांची क्विकस्टार्ट (चाखून बघण्यापुरती) पीडीएफ इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या वेबसाइटवर टाका. त्यात एकच वन-शॉट (एका बैठकीत संपणारी गोष्ट), चार तयार पात्रं आणि एका पानात मावणारे नियम. पुण्यात बोर्ड गेम खेळणारे गट आता भरपूर आहेत, तिथं चालवा. पण तुम्ही स्वतः गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारे, असताना झालेला खेळ प्लेटेस्ट (चाचणी) म्हणून मोजू नका. तुम्ही खोलीत नसताना, फक्त कागद वाचून, दुसऱ्या कुणी चालवला आणि तरी लोक घाबरले, तर तो मोजायचा. हॉररमध्ये हा फरक फार पडतो, कारण चांगला गोष्टीवेल्हाळ माणूस कुठल्याही नियमांवर भीती उभी करू शकतो. विकत घेणाऱ्याला तुम्ही मिळणार नसता, पुस्तक मिळणार असतं.

आता खुद्द गेमबद्दल, कारण मोहीम पडते ती बहुतेक इथंच. हॉरर गेम एका वाक्यात सांगता आला पाहिजे, आणि त्या वाक्यात वातावरण नको, कृती हवी. २००५ चा ‘ड्रेड’ घ्या: डाइस नाहीत, जेंगाचा मनोरा आहे; अवघड काही करायचं तर एक ठोकळा ओढायचा, मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं. २०१५ चा ‘टेन कँडल्स’: टेबलावर दहा मेणबत्त्या, खोलीत दुसरा उजेड नाही, शेवटची विझली की उरलेले सगळे मरणार, आणि हे सगळ्यांना सुरुवातीपासून माहीत असतं. दोन्ही वाक्यं ऐकून माणूस आपल्या मित्राला सांगायला जातो. मोहिमेची खरी जाहिरात तीच.

तुमच्या मसुद्यात ‘प्राचीन शाप’, ‘विसरलेलं गाव’, ‘अंधारात दडलेलं काहीतरी’ वगैरे आहे. यातून काहीच दिसत नाही. शंभर मोहिमांच्या पानांवर हेच लिहिलेलं असतं. पण बाविसाव्या पानावर तुम्ही चकव्याचा नियम लिहिलाय, तो मी दोनदा वाचला. गावाची वेस ओलांडली की पुन्हा त्याच गावात यायचं, आणि दर फेरीला गावातलं एक माणूस कमी झालेलं. बाकीच्यांना ते माणूस कधी होतं हेच आठवत नाही. खेळाडूंच्या हातातल्या नावांच्या यादीतून गेम मास्टर एक नाव खोडतो आणि कागद परत देतो. अहो, हाच तुमचा गेम आहे! चकवा लागला की आहे तिथंच बसून उजाडायची वाट बघावी, हे आपल्याकडचे जुने लोक सांगतात. त्याचाही नियम करा: बसून राहिलात तर नाव खोडलं जात नाही, पण रात्र पुढं सरकते आणि पाण्याकडून गिऱ्हा (पाण्यातलं भूत) जवळ येतो. खेळाडूंना दोन्हीकडून कोंडी. मुंजा, हडळ, खवीस, देवचार यांची जी चाळीस पानांची जंत्री तुम्ही करणार आहात, ती पुढच्या पुस्तकाला ठेवा. परदेशी वाचकाला भुतांची नामावळ नकोय, एक भूत नीट भेटवा.

तुमच्या मसुद्यात गावकरी एका बाईला चेटकीण ठरवतात, तो प्रसंग काढा असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे ही गोष्ट अजून बातम्यांत येते, त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ‘रहस्यमय पूर्वेकडची काळी जादू’ अशा वेष्टणात ती विकलीत, तर इथला वाचक भुलेल कदाचित, पण तुमची गावाकडची माणसं तुम्हाला माफ करणार नाहीत. गेममध्ये ती बाई कोण आहे, तिचं घर कुणाला हवंय, हे येऊ द्या.

याच ओघात सुरक्षेची साधनं. हॉरर गेमच्या मोहिमेवर आता लोक हे शोधतात आणि नसेल तर विचारतात. एक्स-कार्ड म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवलेला फुली मारलेला कागद. कुणी हात लावला की चाललेला प्रसंग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही. लाइन्स अँड व्हेल्स म्हणजे कुठल्या गोष्टी खेळात येणारच नाहीत आणि कुठल्या फक्त पडद्याआड घडतील, हे आधी ठरवणं. तुमच्या पुस्तकात यासाठी अर्धं पान पुरे, पण मोहिमेच्या पानावर दोन ओळींत सांगून टाका: पाण्यात बुडणं आहे, स्मृती जाणं आहे, लहान मुलांवर हिंसा नाही. यानं भीती कमी होत नाही. ज्यांना नकोय ते आधीच बाजूला होतात आणि पुढचा मनस्ताप वाचतो.

आता पैसे. किकस्टार्टरचा मुख्य नियम तुम्हाला माहीत असेलच: ध्येय गाठलं तरच बॅकरच्या, म्हणजे पैसे लावणाऱ्याच्या, कार्डावरून रक्कम वळती होते, नाहीतर कुणाचं काही जात नाही. कंपनी जमलेल्या रकमेच्या ५ टक्के घेते. ब्रिटनमधल्या मोहिमेला पेमेंटचे वेगळे ३ टक्के आणि दर प्लेजमागे, म्हणजे प्रत्येक बॅकरच्या रकमेमागे, २० पेन्स पडतात. समजण्यापुरता हिशोब मांडतो. ४८ पानी ए-फाइव्ह पुस्तिका, किंमत १२ पौंड, ३०० बॅकर. जमले ३,६०० पौंड. ५ टक्क्यांचे १८०, ३ टक्क्यांचे १०८, वीस-वीस पेन्सचे ६०, म्हणजे ३४८ गेले. उरले ३,२५२. त्यातून चित्रकाराला ९००, संपादकाला ४००, लेआउटला ४००, चारशे प्रतींची छपाई ८००, पाकिटं-लेबलं आणि हरवलेल्या प्रतींच्या बदल्यात पाठवायच्या प्रती मिळून १५०. हातात राहिले ६०२ पौंड, तेही काही कार्डं नाकारली जातात ते न धरता. तिघांत वाटले तर माणशी दोनशे. तीनशे बॅकर हा पहिल्या खेपेला चांगला आकडा आहे, आणि तरी हे असं.

हाच हिशोब उलटा मांडला की ध्येय निघतं. चित्रं, संपादन आणि लेआउट हे १,७०० बॅकर कितीही आले तरी बदलत नाहीत. त्यात सव्वादोनशे प्रतींची छपाई आणि पाकिटं मिळवा, कंपनीचा वाटा वर चढवा, की २,६०० च्या आसपास येऊन थांबाल. ध्येय तेवढंच ठेवा. मुद्दाम ५०० पौंडांचं ध्येय लावून ‘चार तासांत फंडेड!’ अशी पाटी लावणारे दिसतील. ५०० पौंडांत पुस्तक होत नसेल आणि मोहीम ७०० वर थांबली, तर उरलेलं खिशातून भरून पुस्तक देण्याची जबाबदारी तुमचीच.

छपाईबद्दल एकच: सेंटर पिनची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत, आणि जाडी जपा, ६४ च्या पुढं गेलात की पुस्तिका नीट मिटत नाही, परफेक्ट बाइंडिंगकडे (गोंदानं चिकटवलेल्या बांधणीकडे) वळावं लागतं. पुण्यातल्या डिजिटल प्रेसवाल्याला आधी पाच प्रतींचा डमी मागा. काळ्या पानांचं फार प्रेम असतं हॉररवाल्यांना. पूर्ण काळं पान घडीवर फुटतं आणि बोटाचे ठसे धरतं, ते डमीत बघून घ्या.

आणि डाइस. तुमच्या बेतातली सगळ्यात महाग गोष्ट हीच आहे, पण ती डाइसच्या किमतीमुळे नाही. रॉयल मेलचा लार्ज लेटर नावाचा प्रकार आहे: ३५३ बाय २५० मिलिमीटरच्या आत, जाडी २५ मिलिमीटरपर्यंत, वजन ७५० ग्रॅमपर्यंत. ए-फाइव्ह पुस्तिका पुठ्ठ्यासकट त्यात आरामात बसते आणि पोस्टपेटीच्या फटीतून घरात पडते. आता त्यात सात डाइसची पिशवी घाला. नुसता वीसबाजूचा डाइसच वीसेक मिलिमीटरचा. खाली पुस्तिका, वर बबल रॅप, झालं, पंचवीसची हद्द ओलांडली. आता ते पार्सल. दर वाढला आणि घरी कुणी नसेल तर पाकीट परत डेपोत. वर ब्रिटनमध्ये छापील पुस्तकावर व्हॅट शून्य आहे, डाइसवर २० टक्के. भारतातही छापील पुस्तकाला जीएसटी नाही, खेळाच्या सामानाला आहे. म्हणजे तीन-चार पौंडांच्या डाइसपायी तुमचं पाकीट कराच्या दृष्टीनं निव्वळ पुस्तक राहत नाही. टी-शर्टांचं तर बोलूच नका, मापं विचारताना जीव जातो.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. कॉल ऑफ कथुल्हू हा १९८१ पासूनचा, या प्रकारातला सगळ्यात जुना आणि नावाजलेला गेम. काढणारी केऑसियम कंपनी. २०१३ मध्ये सातव्या आवृत्तीच्या मोहिमेत साडेपाच लाख डॉलरहून जास्त जमले. त्याआधीच्या वर्षी एका बॉक्सची मोहीमही जोरात गेली होती. पण दोन्हींत बक्षिसांवर बक्षिसं चढत गेली, परदेशी पोस्टाचा खर्च अंदाजाबाहेर गेला, पुस्तकं रखडली आणि कंपनी बुडायच्या बेतात आली. २०१५ मध्ये संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड आणि गेमचे मूळ लेखक सँडी पीटरसन यांना परत येऊन कारभार हातात घ्यावा लागला, मग बॅकरना पुस्तकं मिळाली. अपयशी मोहिमेनं एवढं नुकसान कधीच केलं नसतं. म्हणून स्ट्रेच गोलबद्दल विचाराल तर: ठेवायचेच असतील तर कागदाच्या आत राहणारे ठेवा. आणखी दोन चित्रं, जाड मुखपृष्ठ, एक जास्तीची पीडीएफ. पाकिटाचं वजन वाढवणारं काही नको. आणि चित्रकाराला आधी विचारल्याशिवाय त्याच्या नावानं वचन देऊ नका.

पोस्टाचे पैसे मोहिमेत घेऊ नका, पाठवायच्या महिन्यात वेगळे घ्या, आणि तसं पहिल्या दिवशी ठळक लिहा. एक तर मोहिमेत घेतले की त्यावरही कंपनीचे टक्के जातात. दुसरं, नियम मधेच बदलतात. जुलै २०२१ मध्ये युरोपीय संघानं २२ युरोंपर्यंतच्या मालाची व्हॅटमाफी काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतची करमाफी बंद केली, तेव्हा भारतीय टपाल खात्यानं तिकडची पार्सलंच काही आठवडे थांबवली होती. मोहीम मे महिन्यात करून सप्टेंबरात पुण्याहून पाठवायचं ठरवलेल्या माणसाचं काय झालं असेल, बघा.

लीड्सच्या भावाकडे येतो. भारतात राहणाऱ्याला किकस्टार्टरवर मोहीम काढता येत नाही. पैसे देता येतात, मागता येत नाहीत. ज्या देशांना परवानगी आहे तिथला कायम रहिवासी लागतो, ओळखपत्र आणि बँक खातं तिथलंच. म्हणजे शिकायला गेलेला मुलगा इथंच गळाला. त्यापुढं, ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. त्याच्या नावावर मोहीम म्हणजे त्याच्या नावावर धंदा, त्याच्या खात्यात उत्पन्न, त्याच्या माथी बॅकर. काकांनी कर्ज काढून पाठवलं असेल त्याला. एका झिनसाठी, म्हणजे छोट्या पुस्तिकेसाठी, त्याचा व्हिसा पणाला लावू नका.

मग दोन रस्ते उरतात. पहिला, बाहेरचा एखादा छोटा प्रकाशक गाठायचा. मोहीम त्याच्या नावावर, तुम्हाला रॉयल्टी आणि लेखक म्हणून नाव, छपाई आणि पाठवणं त्याच्याकडे. यासाठी पूर्ण झालेला मजकूर आणि खेळल्याचा पुरावा लागतो, म्हणून वर एवढं डोकं खाल्लं. करारात हक्क नेमके कुठले देताय ते वाचा. छापील इंग्रजी आवृत्तीचे द्या. मराठी आवृत्ती आणि पुढच्या पुस्तकांचे हक्क स्वतःकडे ठेवा.

दुसरा रस्ता आपल्याकडचाच, पूर्वनोंदणी. मराठी प्रकाशक मोठे ग्रंथ आणि संच वर्षानुवर्षं प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ पैसे घेऊन काढत आलेत. साधा फॉर्म, यूपीआय, शेवटची तारीख, आणि ‘दीडशे नोंदी झाल्या तर छापू, नाहीतर पैसे परत’ ही अट. परत द्यायचे म्हणजे ते वेगळ्या खात्यात ठेवायचे, हे सांगायला लागू नये. मात्र नफ्यात वाटा वगैरे काही कबूल करू नका. पुस्तक आगाऊ विकणं वेगळं आणि गुंतवणूक गोळा करणं वेगळं. दुसऱ्याला सेबीचे नियम लागतात. इंग्रजी पीडीएफ परदेशातल्यांना इचवर विकत राहा. माझं मत विचाराल तर तुम्ही आधी हे करा, आणि ते पुस्तक दाखवून प्रकाशक गाठा.

वेळ कुठली? किकस्टार्टर २०१९ पासून झिन क्वेस्ट चालवतं, छोट्या रोलप्लेइंग पुस्तिकांसाठीचा खास महिना, बहुतेक फेब्रुवारीत. २०२२ साली त्यांनी तो ऑगस्टात नेला, तेव्हा लेखकांनी फेब्रुवारीत आपला वेगळा झिन मंथ साजरा केला. त्या दिवसांत नवख्याच्या पुस्तिकेकडेही लोक वळून बघतात, गर्दी असली तरी. प्रकाशकाला फेब्रुवारी हवा असेल तर त्याच्या हातात मजकूर सप्टेंबरपर्यंत पडायला हवा. मोहीम दोन-तीन आठवड्यांची पुरे. पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस पैसे येतात, मधे शुकशुकाट असतो. तेव्हा घाबरून नवी बक्षिसं जाहीर करायची नाहीत. सुरू व्हायच्या आधी ‘नोटिफाय मी’ (सुरू झाली की कळवा) दाबलेल्या माणसांचा आकडा बघा. माझ्या पाहण्यात त्यातल्या पाच-सहांमागे एक खरा पैसे देतो. तीनशे बॅकर हवेत आणि यादीत नव्वद जण आहेत, तर तारीख पुढं ढकला.

राहता राहिलं चित्रांचं. एआयनं काढलेली चित्रं वापरावीत का, असं तुम्ही शेवटी हळूच विचारलंय. किकस्टार्टरवर २०२३ पासून ते जाहीर करावं लागतं, आणि या छंदातली माणसं ते वाचून पान बंद करतात. पैसे कमी असतील तर पाच चित्रं घ्या, पण ती एकाच चित्रकाराची घ्या. मुखपृष्ठ, वेस, विहीर, नावांची खोडलेली यादी, आणि गिऱ्हा पाण्याबाहेर फक्त केसांपर्यंत.